बांधकाम प्रकल्पाच्या कामगिरीचे मोजमाप : एक इतिहास

बांधकाम प्रकल्पाच्या कामगिरीवरील संशोधन वाचताना विद्यार्थ्यांनी एक प्रश्न सोबत ठेवावा. येथे मोजले जात आहे ते नेमके कोणाचे काम?

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंड्याचे काम मोजले. ते स्वतः गवंडीकाम शिकलेले होते. एक वीट लावताना १८ हालचाली होतात, असे त्यांना दिसले. सारखे वाकावे लागू नये म्हणून त्यांनी उंची बदलता येणारी परांची केली. विटा निवडून, चांगली बाजू पाहून हाताशी मांडण्याचे काम बिगाऱ्याकडे दिले. हालचाली ५ वर आल्या आणि तासाला १२० ऐवजी ३५० विटा लागू लागल्या. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या ग्रंथात हे उदाहरण दिल्याने ते जगभर गेले. खरे तर सुधारली होती ती गवंड्यापर्यंत वीट पोहोचवण्याची व्यवस्था, पण लोकांच्या लक्षात राहिला तो ३५० चा आकडा. पुढे ‘मजूर मंद आहेत’ असे म्हणणाऱ्यांना तो सोयीचाच ठरला.

१९५० च्या दशकाअखेरीस ड्यूपॉन्ट कंपनीतील क्रिटिकल पाथ पद्धत व अमेरिकी नौदलाची पर्ट पद्धत आली आणि नजर माणसाकडून वेळापत्रकाकडे वळली. वेळ, खर्च व दर्जा हेच निकष रूढ झाले. त्यांतील पहिल्या दोहोंवर सिडनी ऑपेरा हाऊस साफ नापास होते. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर गेला आणि इमारत १९७३ मध्ये, दहा वर्षे उशिरा पूर्ण झाली. तीच इमारत २००७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली.

१९९० च्या दशकात ग्लेन बॅलार्ड व ग्रेगरी हॉवेल यांनी साधी मोजणी केली. या आठवड्यात ठरवलेल्या कामांपैकी किती पूर्ण झाली? उत्तर निम्म्याच्या आसपास आले. न झालेल्या प्रत्येक कामाचे कारण लिहू लागल्यावर नियोजनातील त्रुटी पुढे आल्या : साहित्य आलेले नाही, आधीचे काम अपुरे, नकाशा अनिर्णित. यातूनच ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत घडली.

भारतात आयआयटी दिल्लीचे के. सी. अय्यर व के. एन. झा यांनी २००५ मध्ये खर्चावर परिणाम करणारे घटक तपासले. प्रकल्पातील पक्षांमधील संघर्ष हा त्यांना मोठा अडथळा आढळला. मात्र हा निष्कर्ष व्यावसायिकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलींवर उभा आहे; बॅलार्ड यांच्याप्रमाणे साइटवरील आठवड्याच्या नोंदींवर नाही.