मृत्यू, श्रद्धा आणि सातपुड्याची माणसे

ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहऱ्या घेऊन ये, असे भगवान बुद्धाने किसा गोतमीला सांगितले, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तशा मोहऱ्या तिला कोठेही मिळाल्या नाहीत आणि तिचा पुत्रशोक निवळला. मरण कोणालाच चुकत नाही, एवढेच तात्पर्य आपण या कथेतून काढतो. परंतु तिच्यातील आणखी एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. गोतमीने आपला शोक एकटीने बसून आवरला नाही. ती दारोदार हिंडली. प्रत्येक उंबरठ्यावर तिने दुसऱ्याच्या दुःखाची हकीकत ऐकली. आजच्या विषयाचा धागा मला या हिंडण्यातच सापडतो.

देवावर विश्वास ठेवणाऱ्यास मरण सोपे जाते व न ठेवणाऱ्यास ते जड जाते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. श्रद्धावान मनुष्य निराश होत नाही आणि नास्तिकाच्या वाट्याला निराशेवाचून दुसरे काही येत नाही, असेही पुष्कळ लोक मानतात. हा समज इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, हे आज पाहावयाचे आहे; आणि त्यासाठी मी खानदेशाचा एक कोपरा निवडला आहे.

हा कोपरा म्हणजे नंदुरबार जिल्हा होय. 1906 साली जुन्या खानदेश जिल्ह्याची फाळणी झाली, तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला व धुळे हे त्याचे मुख्य ठाणे झाले. पुढे 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. उत्तरेस नर्मदा, मधून वाहणारी तापी आणि या दोन नद्यांमध्ये सातपुड्याच्या रांगा, असा हा प्रदेश आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे.

या लोकांच्या परंपरागत समजुतीप्रमाणे मेलेला मनुष्य गावाला मुकत नाही. त्याच्या नावाने दगड किंवा लाकडी खांब उभारण्याची चाल भिल्लांत जुनी आहे. सणावारी पूर्वजांचे स्मरण करावयाचे, पहिल्या धान्यातील वाटा त्यांना द्यावयाचा, म्हणजे ते गावाच्या पाठीशी उभे राहतात. या कल्पनेत मृत्यू म्हणजे नाश नव्हे. घरातून उठून शिवेवर जाऊन बसणे, एवढेच ते अंतर आहे. आपल्या श्राद्धपक्षाच्या मुळाशीही हीच भावना नाही काय? शोकाकुल मनास तिच्यापासून मिळणारा आधार खोटा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

परंतु मृत्यू झाला की मनुष्य दोन प्रश्न विचारतो. गेलेला कोठे गेला, हा पहिला. आणि तो का गेला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नास ज्या श्रद्धेने इतके कोमल उत्तर दिले, तिनेच दुसऱ्या प्रश्नास अतिशय क्रूर उत्तर दिले आहे. धडधाकट मूल तापाने दगावले, गुरे पटापट मेली, की कोणी तरी करणी केली असली पाहिजे, असा संशय उत्पन्न होतो. मग गावच्या भगताकडे धाव घेतली जाते आणि एखाद्या बाईस ‘डाकीण’ ठरविण्यात येते. बहुधा ती विधवा असते, एकाकी असते, किंवा तिच्या जमिनीवर कोणाची तरी दृष्टी असते. अशा स्त्रियांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर हाकलण्यात आले आहे, कित्येकींचे प्राणही गेले आहेत. एका मृत्यूचे कारण शोधताना दुसरा मृत्यू घडविला जावा, याहून भयंकर ते काय?

येथे श्रद्धेने हरविलेली वाट अश्रद्धेने, निदान चिकित्सक बुद्धीने, दाखविली हे मान्य केले पाहिजे. या चालीविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे पायपीट केली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ताप जंतूंमुळे येतो, हे ज्यास पटले त्याच्या हातून शेजारणीवर दगड उचलला जाणार नाही. अश्रद्धेचे हे दान लहान नाही.

मात्र एवढ्यावरून श्रद्धेच्या पदरी केवळ दोषच घालणे अन्यायाचे होईल. याच डोंगरांत तिने माणसांना मरणप्राय निराशेतून उठविले आहे. 1899–1900 चा दुष्काळ, प्लेग आणि 1918 चा इन्फ्लुएंझा, अशा संकटांनी मुंबई इलाखा होरपळून निघाला होता. एकट्या इन्फ्लुएंझाने इलाख्यातील सुमारे दहा लक्ष माणसे नेली. त्यातच सावकाराचे कर्ज, हातून निसटलेली जमीन आणि दारूचा गुत्ता यांनी आदिवासींना पुरते जखडले होते. अशा वेळी, 1922 साली, पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीच्या रोगाच्या निवारणासाठी चाललेल्या पूजेतून एक चळवळ उत्पन्न झाली. देवी अंगात येते व आज्ञा करते, अशी तिची समजूत होती. जव्हार, धरमपूर, डांग असे करीत ती दक्षिण गुजरातेत आणि खानदेशातही पसरली. देवीची आज्ञा तरी काय होती? दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, गुत्तेवाल्याच्या दारी राबू नका. मृत्यूच्या भीतीतून जन्मास आलेली पूजा पाहता पाहता जगण्याची शिस्त होऊन बसली.

पुढे 1938 साली तळोदे तालुक्यात गुला महाराज या नावाचे एक भिल्ल सत्पुरुष पुढे आले. ते एक गरीब गृहस्थ होते. दर सोमवारी त्यांच्या आरतीस हजारो आदिवासी जमू लागले. व्यसन सोडा, चोरी करू नका, स्वच्छ राहा, हाच त्यांचाही उपदेश होता. परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट शिकविली: एकमेकांस ‘आप’ म्हणा. ज्या माणसांस सावकार व शिपाई आयुष्यभर ‘अरे’ ‘तुरे’ करीत आले, ती माणसे परस्परांस आदराने हाक मारू लागली! त्याच वर्षी गुला महाराज निवर्तले. ज्याच्या भोवती आशा गोळा झाली तोच गेला, तर लोक पुन्हा गुत्त्याकडे वळतील, असे कोणासही वाटले असते. परंतु त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी तो पंथ पुढे चालविला आणि ‘आप’ हा शब्द मागे राहिला. गुरूच्या मृत्यूने ती श्रद्धा ढासळली नाही, कारण तोवर ती एका माणसाची न राहता शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधली झाली होती.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. त्यासाठी सातपुड्याहून पुण्यास जावे लागेल, कारण निर्भय अश्रद्धेचा आपल्याकडील ठळक नमुना तेथे आहे. गोपाळ गणेश आगरकर परलोक मानीत नसत. त्यांच्या विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. दम्याने ते जर्जर झाले होते. 17 जून 1895 रोजी, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. स्वर्गाची आशा नाही, पुनर्जन्माचा दिलासा नाही. तरीही त्यांच्या लेखणीत निराशेचा मागमूस दिसत नाही. ‘सुधारक’ पत्र आणि फर्ग्युसन कॉलेज यांत त्यांनी आपले थोडके आयुष्य मुठीने उधळले. हाच एक जन्म आहे, म्हणून तो माणसांच्या उपयोगी पडावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. नास्तिकाच्या वाट्यास निराशाच येते, हा समज आगरकरांपुढे टिकत नाही.

आणि श्रद्धावान निराश होत नाही, हा दुसरा समज? त्याचे उत्तर देण्यासाठी पुन्हा खानदेशात यावे लागते, आणि ते देताना मन जड होते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. आठव्या अध्यायाच्या निमित्ताने त्यांनी मरणाचा विचार मांडला: अंतकाळचा विचार हे सगळ्या आयुष्याच्या संस्कारांचे फळ असते, म्हणून मरणाची तयारी रोजच्या जगण्यात करावी. ही प्रवचने ज्यांनी तन्मयतेने लिहून घेतली, ते अंमळनेरचे शिक्षक साने गुरुजी होत. त्यांच्याइतका श्रद्धाळू व प्रेमळ मनुष्य महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. 1947 साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणास लावले. त्याच गुरुजींनी 11 जून 1950 रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच्या हाताने संपविली. त्यांच्या अंतर्यामी काय चालले होते, यावर निर्णय देण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु एवढे खरे की, निराशा श्रद्धेच्या घरीही शिरते. आणि ती कोणाच्या श्रद्धेचा कमीपणा सिद्ध करीत नाही. ज्या कृत्यास धर्मशास्त्राने पाप व जुन्या कायद्याने गुन्हा म्हटले, त्याच्या मुळाशी मनाचा असह्य ताण असतो, हे 2017 च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने अखेर मान्य केले. अशा मनुष्यास उपदेशाची नव्हे, सोबतीची व उपचाराची गरज असते. हजारो मुलांचे अश्रू पुसणाऱ्याचे अश्रू त्या घटकेस पुसावयास कोणी जवळ नव्हते, ही हळहळ मात्र आपण बाळगू शकतो.

तेव्हा श्रद्धा श्रेष्ठ की अश्रद्धा, हा वाद मला या इतिहासापुढे थोडा अपुरा वाटतो. श्रद्धेने डाकीण शोधली आणि तिनेच ‘आप’ म्हणावयास शिकविले. अश्रद्धेने परलोकाचा दिलासा काढून घेतला आणि तिनेच निरपराध बाईच्या अंगावरील दगड अडविला. मृत्यूविषयीचा विचार, मग तो देवास स्मरणारा असो वा नाकारणारा, आपणांस शेजाऱ्याच्या जवळ नेतो की त्याच्यापासून दूर लोटतो, हीच त्याची परीक्षा होय.

किसा गोतमीस मोहऱ्या कोणीच दिल्या नाहीत. परंतु प्रत्येक घराने तिला दारात उभे केले व आपले दुःख सांगितले. आपल्या ओळखीतले कोणी आज शोकाने किंवा निराशेने दार लावून बसले असेल, तर त्याची श्रद्धा कोणती, हे विचारीत न बसता त्याच्या दारी जावे.