विजेचे विमान आणि बॅटरीचे ओझे

विजेवरचे उड्डाण विमानापेक्षा जुने आहे. राइट बंधूंचे विमान १९०३ मध्ये उडाले. त्याच्या वीस वर्षे आधी, ८ ऑक्टोबर १८८३ रोजी, तिसाँदिए बंधूंनी पॅरिसमधल्या ओतॉय येथून सीमेन्सच्या मोटरवर चालणारा वायुपोत उडवला. मोटर जेमतेम दीड अश्वशक्तीची. वाऱ्यापुढे तिचे फारसे चालले नाही. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्टला, शार्ल रनार आणि आर्थर क्रेब्स या लष्करी अधिकाऱ्यांचा ‘ला फ्रान्स’ २३ मिनिटांत सुमारे ८ किलोमीटरांचा फेरा मारून निघाल्या जागी परत आला. गेलेला वायुपोत हवा तसा वळवून माघारी आणण्याची ही पहिलीच वेळ.

‘ला फ्रान्स’ची मोटर साडेआठ अश्वशक्तीची होती, तिला वीज पुरवणारे घट मात्र ४३५ किलोंचे. हे ओझे हायड्रोजनच्या फुग्याने पेलले. विमानाला ती सोय नाही. त्याचा किलो न् किलो पंखांनी उचलायचा असतो. हलके पेट्रोल इंजिन आले आणि विजेची मोटर आकाशातून जवळपास हद्दपार झाली.

माणूस घेऊन विजेचे विमान उडायला १९७३ साल उजाडले. फ्रेड मिलिट्की यांनी निकेल-कॅडमियम बॅटऱ्या बसवलेले ‘एमबी-ई१’ ऑस्ट्रियात उडाले, तेही पाव तासापेक्षा कमी वेळ. मुळात तो ग्लायडर होता. थोड्या शक्तीत तरंगणाऱ्या यानालाच हे परवडले.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तरी हिशेब पूर्ण सुटला नाही. एक किलो विमान इंधनात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, चांगल्या लिथियम घटात २५० च्या आसपास. मोटर इंजिनापेक्षा बरीच कमी ऊर्जा वाया घालवते, तरीही फरक दहापटींहून अधिक उरतो. त्यात आवरण आणि थंड ठेवण्याची यंत्रणा यांचे वजन वेगळेच. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होते. रिकामी बॅटरी भरलेल्या बॅटरीइतकीच जड, उतरताना चाकांवर तेवढाच भार.

नऊ प्रवाशांसाठी आखलेले ‘ॲलिस’ २७ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेत पहिल्यांदा उडाले, ते आठ मिनिटे. युरोपात २०२० मध्ये प्रमाणपत्र मिळालेले स्लोव्हेनियाचे ‘वेलिस इलेक्ट्रो’ दोन आसनांचे, कमाल वजन ६०० किलो, आणि राखीव वीज सोडून सुमारे ५० मिनिटे उडणारे. शिकाऊ वैमानिकाला धावपट्टीभोवती फेऱ्या मारायला एवढे पुरते.