चौलच्या खाडीकाठी ईस्टर

पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहरचा अफनासी निकितीन होर्मुझहून एक घोडा गलबतात घालून चौलला उतरला. घोडा विकून चार पैसे गाठीला बांधावेत म्हणून पालीच्या वाटेने घाट चढून जुन्नरला गेला. तिथे बहमनी सरदार असदखानाने घोडाच काढून घेतला. अट अशी: मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही झालास तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची, आणि दिवस नेमके मारियामातेच्या ऑगस्टमधल्या सणाआधीच्या उपासाचे. निकितीनने देवाचा धावा केला. मदतीला आला तो खुरासानचा महंमद नावाचा एक मुसलमान गृहस्थ. त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा सोडवून दिला.

ही गोष्ट चौलशेजारच्या रेवदंड्यात आजही सांगतात. गावातल्या शाळेच्या आवारात निकितीनचा स्मृतिस्तंभ आहे. पण मला त्याच्या प्रवासाच्या टिपणांतली दुसरी व्यथा अधिक खोल वाटते. व्होल्गाच्या मुखाशी लुटारूंनी त्याची पुस्तकं नेली होती आणि त्यांच्यासोबत सणवारांचा हिशेबही गेला. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर तिचं गणित चालतं आणि ते तक्त्यावाचून जमत नाही. ईस्टर कधी ते कळेना, म्हणून त्याआधीचा मोठा उपास कधी धरावा तेही कळेना. बिदरला त्याने कृत्तिका, मृग आणि सप्तर्षी कुठे आहेत ते पाहून ईस्टरचा अंदाज बांधला. कधी मुसलमानांच्या रोज्यांबरोबर स्वतःचा उपास धरला. खानाला नकार देता येतो. हातून निसटणाऱ्या दिवसांना नकार कसा द्यायचा?

त्याच्या टिपणांच्या शेवटी अरबी-तुर्की शब्दांतली प्रार्थना आहे, त्यावरून तो मुसलमान झाला असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याने धर्म सोडला, त्याला चुकलेल्या ईस्टरचं दुःख इतकं का व्हावं? आणि तो चौलला १४६९ साली उतरला की १४७१ साली, हा वाद आज सोडवायचा तर त्याच्याच ईस्टर-ईदच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो.

पुढे चौलच्या याच खाडीच्या मुखाशी सणवारांचा हिशेब पक्का झाला. १५२१ साली पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला. मग फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट आले. त्यांच्या चर्चचे अवशेष रेवदंड्याच्या कोटात अजून उभे आहेत. घंटा होती, पाद्री होते, सणांची यादी होती.

१७४० साली चौल मराठ्यांकडे गेलं. पैसेवाले आणि अंमलदार निघून गेले. उरले ते कष्टकरी ख्रिस्ती, आणि ते कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात एकवटले. गरिबी होतीच. शिवाय धर्म वेगळा आणि शेजाऱ्यांच्या लेखी जातही खालची, त्यामुळे सोयरीक जवळपास आपसातच. पाठीशी राज्य नव्हतं आणि ख्रिस्ती राहण्यात ऐहिक लाभही उरला नव्हता. तरी ते राहिले. ही श्रद्धा मला निकितीनच्या श्रद्धेहून कमी शूर वाटत नाही, फक्त ती एकट्याच्या खांद्यावर नव्हती. उपास कधी धरायचा हे गावच्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चमधून कळत होतं. एखाद्याचा धीर खचला तरी मोठ्या उपासाची सुरुवात करणारा राखेचा बुधवार साऱ्या गावावर एकाच दिवशी येत होता.

पोर्तुगीज जाणणारे पाद्री त्यांना पुढेही मिळत राहिले, आणि प्रार्थना पोर्तुगीजमध्ये चालली. घराघरांत तर पोर्तुगीज आणि मराठीच्या संगातून घडलेली नॉ लिंग बोलली जात होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला मोकळीक दिली आणि १९६० च्या दशकात कोर्लईची मिस्सा मराठीत आली. चार शतकांची प्रार्थनेची भाषा एका पिढीत बदलली. नॉ लिंग मात्र अजून हजाराच्या आत-बाहेर माणसं बोलतात.