शब्दवेध : सैरंध्री
सैरंध्री म्हटलं की द्रौपदी आठवते. १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकलेला बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा मूकपटही कीचकवधाचाच. पण मुळात हे पेशाचं नाव. अमरकोशातली सैरंध्री परक्या घरी राहते, तरी स्वतःच्या मर्जीची मालकीण असते. हातात कला असलेली बाई, दासी नव्हे! अज्ञातवासात विराटाची राणी सुदेष्णा हिच्याकडे सैरंध्री बनून द्रौपदी वेणीफणी करते, उटी वाटते, हार गुंफते. उष्टं खाणार नाही, पाय धुणार नाही, हे मात्र आधीच बजावते.

आज आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजी शिकून कोथरूड-कर्वेनगरात घरोघरी जाणाऱ्या मुलींना आपण सरसकट ‘पार्लरवाली’ म्हणतो. मला ते खटकतं, कारण याही सैरंध्रीच. दोऱ्याचं टोक दातात धरून भुवई कोरायला किती सराव लागतो!