लोहारमामांचा भाता आणि माझी गॅसची भट्टी



आजची नोंद पिकाची नाही, विस्तवाची आहे. गेल्या उन्हाळ्यात कुळवाची पास बोथट झाली म्हणून शेवटायला न्यायची होती. गावातल्या लोहारमामांकडे गेलो तर भट्टी थंड. मामा ओट्यावर बसलेले. म्हणाले, "कोळसा कुठं मिळतोय? आणि दोन पाशींसाठी पोतंभर कोळसा पेटवायचा म्हणजे तुझ्या पाशीपेक्षा कोळसाच महाग." बाजारातून नवी पास आणली. ती पहिल्याच कुळवणीत दगडाला लागून दुमडली. तेव्हा ठरवलं, आपल्या शेडात एक लहान गॅसची भट्टी करायची.

ती करताना जे शिकलो ते लिहितोच. पण त्याआधी थोडं मागं जायला पाहिजे, कारण मामांची भट्टी थंड पडली ही काही एका वर्षातली गोष्ट नाही.

आपल्या महाराष्ट्रात लोखंडाचा विस्तव फार जुना. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंड नावाचं गाव आहे. तिथं १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. त्यात लोखंड गाळायची भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचा. भट्टी मातीच्या वक्र विटांची, हवा आत सोडायला मातीच्या नळ्या आणि बाजूला लोखंडाचा मळ. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला तीन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या : उष्णता कोंडायला जाड भिंत पाहिजे, हवा नेमक्या जागी गेली पाहिजे आणि भट्टी सरपणाला परवडेल एवढीच पाहिजे. मी इंटरनेटवर दोन महिने वाचून जे शिकलो ते ह्याच तीन वाक्यांत मावतं.

इकडं सह्याद्रीत महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक लोखंड गाळायचे. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे, पण ती हा धंदा बंद पडल्याची. सरपण महाग झालं आणि लोखंड स्वस्त झालं. जंगलावर बंधनं आली आणि विलायतेचं तयार लोखंड बंदरात उतरून रेल्वेनं आत येऊ लागलं. धावडांच्या हातातलं कसब कमी झालं नव्हतं, त्यांचा हिशोब चुकला नव्हता. विस्तवाचा भाव बदलला.

गावचा लोहार मात्र टिकला, कारण तो गाळत नव्हता, घडवत होता. बारा बलुतेदारांत त्याचं स्थान पक्कं होतं. वर्षभर फाळ, पास, खुरपी, विळे, कुऱ्हाडी शेवटायच्या आणि सुगीत खळ्यावरून धान्य न्यायचं. चामड्याचा भाता, जमिनीतली भट्टी, लोणारी कोळसा, ऐरण, घण, सांडशी. आमच्या घरातून मामांच्या वडिलांना ज्वारी जायची, हे मी आजीकडून ऐकलंय.

मग लोखंडी नांगर आला. आमचं गाव किर्लोस्करवाडीपासून फार लांब नाही, म्हणून ही गोष्ट इकडं घरोघरी माहीत आहे. बेळगावात सायकलचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. सुरुवातीला नांगर खपेना. लोखंडानं जमीन विषारी होते, असा लोकांचा समज होता. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं तोच नांगर घरोघरी गेला. आमच्या आजोबांनीही घेतला. नांगर चांगलाच होता, त्यात वाद नाही. पण त्याचा फाळ झिजला की नवा विकत मिळायचा. लाकडी नांगराच्या फाळासाठी लोहाराकडं जाणारी वाट तिथून बारीक होत गेली. नंतर ट्रॅक्टर आला, आणि एका वर्षी आमच्या घरातून जाणारी ज्वारी थांबली. कोणी मुद्दाम थांबवली नाही. कोणी विचारलंही नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण नोंद खरी ठेवायची तर लिहिलं पाहिजे.

आता गॅसचा इतिहास. १८५५ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत एक बर्नर तयार झाला. शाळेतल्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी तो पाहिलाय. बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो, जाताना बाजूची हवा स्वतःच ओढून घेतो आणि नळीत दोन्ही मिसळून निळी, धूर नसलेली ज्योत मिळते. म्हणजे भाता ओढणारा माणूसच नको! १९१० च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग हे रसायनशास्त्रज्ञ पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफेचा शोध घेत होते. त्या वाफेत त्यांना प्रोपेन सापडला. तो दाबाखाली द्रव होतो आणि टाकीत भरून कुठंही नेता येतो. आपल्याकडं १९६५ मध्ये कोलकात्यात इंडेनची पहिली जोडणी दिली गेली आणि हळूहळू लाल सिलिंडर चुलीशेजारी येऊन बसला.

गॅसवर लोखंड तापवायची सवय अमेरिकेत घोड्यांना नाल मारणाऱ्यांनी पसरवली. गाडीत लहान भट्टी टाकून ते तबेल्या-तबेल्यानं फिरतात. १९७३ मध्ये जॉर्जिया राज्यात सत्तावीस जणांनी मिळून लोहारकाम करणाऱ्यांची संघटना काढली आणि तिकडं हौशी लोहार वाढले. आपल्याकडं गाढवावर, गाडीवर भट्टी घेऊन फिरणारे घिसाडी पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत. फरक एवढाच की त्यांना कोणी हौशी म्हटलं नाही.

आता माझ्या भट्टीकडं येऊ. मी आधी तयार भट्टी विकत घेतली. कुठून घेतली ते सांगत नाही, कारण चूक माझीही होती. आतून ८ इंच व्यास, १४ इंच लांबी, एकच बर्नर आणि १ इंच जाडीची पांढरी सिरॅमिक लोकर. पास आत ठेवली, अर्धा तास झाला तरी लालच्या पुढं जाईना. सिलिंडरला मात्र बाहेरून दहिवर साचलेलं.

हिशोब केला तेव्हा कळलं. पाऊण इंची नळीच्या एका बर्नरला साडेपाच-सहा लिटरची पोकळी झेपते. माझी पोकळी साडेअकरा लिटरची होती. म्हणजे एका भाकरीच्या पिठात दोघांचं जेवण. म्हणून आत लोकरीचा आणखी १ इंचाचा थर दिला. व्यास ६ इंचांवर आला आणि पोकळी साडेसहा लिटरवर. एका खर्चात दोन कामं झाली : भिंत जाड झाली आणि पोट लहान झालं. मागचं तोंड अग्निविटेनं निम्मं झाकलं, पण पूर्ण बंद केलं नाही.

लोकर १२६० अंशांची घ्यावी, आणि ती उघडी ठेवू नये. तिचे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जातात. मी तोंडाला चांगला मास्क लावून काम केलं, लोकरीवर कोलॉइडल सिलिका फवारून ती कडक केली आणि वरून अग्निरोधक सिमेंटचा पातळ लेप दिला. लेप सावकाश वाळू द्या. ओला असताना जोरात तापवला तर पोपडे उडतात. तळाला विटेची फरशी टाका, कारण वेल्डिंगसाठी टाकलेला टाकणखार वितळून लोकर साखरेसारखी खातो.

नंतर बर्नर. भोक मधोमध नव्हतं, त्यामुळं गॅस नळीच्या एका बाजूला घासत जात होता आणि हवा पुरेशी ओढली जात नव्हती. मिग वेल्डिंगची टिप बसवली, नळीच्या मध्यावर आणली आणि ज्योत पिवळीची निळी झाली. तोंडातून लांब नारिंगी जीभ बाहेर येत असेल तर हवा कमी आहे. ज्योत करकरीत आणि लोखंडावर पापुद्रा फार साचत असेल तर हवा जास्त आहे. बर्नर सरळ खाली न धरता तिरपा धरला की ज्योत आत गोल फिरते आणि एकाच जागी लोखंड जळत नाही.

सिलिंडरबद्दल स्पष्ट सांगतो. घरगुती लाल सिलिंडर ह्या कामाला वापरणं बेकायदेशीर आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर इथं चालत नाही, दाब कमी-जास्त करता येणारा आणि काटा असलेला घ्या. आपला गॅस नुसता प्रोपेन नसतो, त्यात ब्युटेनही असतो. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. गॅस भराभर ओढला की सिलिंडर गार पडतो आणि थंडीत दाब बसतो. अशा वेळी सिलिंडर तापवायचा नाही, दाब कमी करून काम करायचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर जात नाही, खड्ड्यात साचतो. म्हणून मामांच्या भट्टीसारखी जमिनीत खोल भट्टी गॅससाठी करू नका.

आणि माझा एक धडा. पौषात थंडी होती म्हणून शेडाचं दार लावून घेतलं. वीस-पंचवीस मिनिटांत डोकं जड झालं, मळमळायला लागलं. बायकोनं हाक मारली ती लांबून आल्यासारखी वाटली. ती आली, दार उघडलं, मला बाहेर बसवलं आणि दिवसभर बोलली नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आता दोन्ही दारं उघडी असल्याशिवाय भट्टी पेटत नाही, आणि भिंतीवर त्या वायूचा अलार्म लावलाय.

भट्टी नीट चालायला लागल्यावर मामांना बोलावलं. ट्रकच्या कमानीच्या पाट्याची पास करायची होती. ते आले, आत डोकावले. "कोळशात नुसतं टोक तापवता येतं. हिच्यात सगळंच तापतंय," म्हणाले. खरंच आहे, हा गॅसचा दोष आहे. मग त्यांनी मला दुपारी काम थांबवून सांजेला सुरू करायला लावलं, कारण उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. मी चुंबक घेऊन उभा होतो. चुंबक धरेनासा झाला की पाणी द्यायची वेळ आली, असं वाचलं होतं. मामांनी चुंबकाकडं बघितलंही नाही. "आता," म्हणाले. मी चुंबक लावून बघितला, तो चिकटला नाही. पास तेलात गेली.

ती पास दोन हंगाम चालू आहे.

साडेतीन हजारांची लोकर, नळ्या आणि विटा, एवढ्यात माझी भट्टी सुधारली. मामांचा डोळा मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि तो मी पुस्तकातून उचलू शकत नाही. धावडांच्या वेळी जे झालं ते इथंही होतंय : विस्तवाचा भाव बदलला म्हणून हातातलं कसब जातंय. फरक एवढाच की ह्या वेळी विस्तव माझ्या शेडात आहे.

म्हणून आम्ही ठरवलंय. दर शनिवारी सांजेला भट्टी पेटते. गॅस माझा, हात मामांचा. पाशीचा दर त्यांनी स्वतः सांगितला, मी घासाघीस केली नाही. गावातली दोन पोरं सांडशी धरायला येतात. आणि ह्या सुगीत आमच्या घरातून एक पोतं ज्वारी मामांकडं गेली. त्यांनी विचारलं, "हे कशाचं?" मी म्हटलं, "मागची बाकी."

तुमच्या गावात भाता अजून कोणाकडं आहे का? असला तर पेटता आहे तोवर एकदा जाऊन बसा.