परराष्ट्र खात्यातील ‘पर’ कोण? : भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची घडण (१७८३-१९४९)

प्रस्तावना

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे सांगितला जातो. एका मांडणीनुसार त्याचा आरंभ कंपनी सरकारच्या खात्यापासून होतो. दुसऱ्या मांडणीनुसार ते स्वातंत्र्याबरोबर जन्मास आले. परकीय कोणास मानावे आणि परदेशी कोणाचे हित जपावे, या प्रश्नांची उत्तरे मात्र दोन्ही मांडण्यांत दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने या संस्थेच्या घडणीचा विचार केला आहे.

पहिला प्रवाह : दरबार आणि सरहद्द

वॉरन हेस्टिंग्जच्या प्रशासनावरील ‘गुप्त व राजकीय’ कामकाजाचा भार हलका करण्यासाठी १३ सप्टेंबर १७८३ रोजी फोर्ट विल्यम येथे स्वतंत्र विभाग स्थापण्याचा ठराव झाला. सालबाईचा तह (१७८२) नुकताच झाला होता. या विभागाच्या लेखी ‘पर’ म्हणजे प्रामुख्याने पुणे, हैदराबाद, म्हैसूर येथील एतद्देशीय सत्ता होत्या. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पेशवे दरबारी रेसिडेंट म्हणून आला, तो याच धोरणाचा भाग होय. सर जदुनाथ सरकार व रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारातून या यंत्रणेचे बारकाईचे निरीक्षण प्रत्ययास येते.

पेशवाई बुडाली, संस्थाने मांडलिक झाली. तरी त्यांचा कारभार परराष्ट्र खात्याकडेच राहिला. १९१४ मध्ये त्यास ‘परराष्ट्र व राजकीय विभाग’ असे नाव मिळाले. १९३५ च्या कायद्यानंतर, १९३७ मध्ये परराष्ट्र व्यवहार आणि संस्थानांशी संबंधित राजकीय विभाग वेगळे करण्यात आले. अफगाणिस्तान, तिबेट व इराणी आखात हे विषय परराष्ट्र व्यवहार विभागाकडे राहिले. मात्र हे खाते व्हाइसरॉयने स्वतःकडेच ठेवले.

दुसरा प्रवाह : समुद्रापलीकडील भारतीय

मॉरिशसला गेलेल्या कोकणातील मराठी मजुरांसह लक्षावधी भारतीय विविध वसाहतींत स्थायिक झाले. त्यांचे प्रश्न ‘परराष्ट्रीय’ मानले गेले नाहीत. पुढे दीर्घकाळ ते शिक्षण, आरोग्य व जमीन विभागाकडे होते. १९४१ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्याची सूत्रे लोकनायक बापूजी अणे आणि त्यांच्यानंतर डॉ. ना. भा. खरे या मराठी नेत्यांकडे आली. १९४४ मध्ये हाच विभाग ‘राष्ट्रकुल संबंध विभाग’ झाला. ज्या काळी परराष्ट्र व्यवहार भारतीयांच्या हाती नव्हता, त्या काळी हे दालन त्यांच्यासाठी खुले झाले होते.

दोन प्रवाहांचा संगम

सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकारात पंडित नेहरूंनी दोन्ही विभागांची जबाबदारी घेतली. ९ ऑक्टोबर १९४६ रोजी भारतीय परराष्ट्र सेवेची स्थापना झाली. त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी, दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीविषयीचा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत संमत झाला. भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते. जागतिक व्यासपीठावरील भारताचे हे पहिले मोठे यश सरहद्दीच्या राजकारणातून नव्हे, तर दुसऱ्या प्रवाहातील प्रश्नातून मिळाले, ही बाब लक्षणीय आहे.

१९४७ मध्ये दोन्ही विभाग एकत्र आले आणि १९४९ मध्ये आजचे परराष्ट्र मंत्रालय हे नाव रूढ झाले. संस्थानांचा विषय तत्पूर्वीच, जुलै १९४७ मध्ये, सरदार पटेलांच्या संस्थान खात्याकडे गेला होता. १७८३ मध्ये ‘पर’ ठरलेले आता ‘स्व’ झाले.

निष्कर्ष

१७८३ हे वर्ष दप्तर व कार्यपद्धती यांचा आरंभ दर्शविते. परंतु नव्या राष्ट्राच्या परराष्ट्र धोरणाची नैतिक बैठक केवळ त्या दप्तरात सापडत नाही. केवळ परराष्ट्र विभागाची कागदपत्रे पाहणाऱ्या संशोधकास रेसिडेंट व सरहद्दीवरील अधिकारी भेटतील, गिरमिटिया मजूर मात्र क्वचितच. त्यासाठी शिक्षण, आरोग्य व जमीन यांसारख्या दुर्लक्षित विभागांची दप्तरेही उघडावी लागतील. त्यांवाचून या मंत्रालयाचा इतिहास अपुराच राहील.