चौकातले शेजारी आता मोबाइलवर

चारकोपचा पत्ता तीन मजली असतो: प्लॉट नंबर, आरडीपी नंबर, सेक्टर. रिक्षावाल्याला यातलं काही सांगून उपयोग नाही. तो विचारतो, ‘मार्केटच्या अलीकडे की पलीकडे?’ आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं, हे आरडीपी आलं कुठून? दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला. एकही दुसऱ्याशी जुळेना, पण त्या निमित्ताने जुनं चारकोप मात्र वर आलं.

त्याचं मूळ 1985 सालात आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि म्हाडाने चारकोप-गोराईच्या खाडीकाठच्या दलदलीत भरणी घालून प्लॉट पाडले. सरकार बांधलेली घरं देणार नव्हतं. जमीन, रस्ता, गटार, पाणी-वीज द्यायची. घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे उभारायचं. सगळ्यात लहान प्लॉट साधारण 25 चौरस मीटरचा. मोठे आणि दुकानांचे प्लॉट चढ्या भावाने विकून त्या पैशांतून लहानांना सवलत द्यायची, असा हिशेब. आम्ही आधी पत्रे टाकले, मग विटा, मग स्लॅब. वरचा मजला कुणाच्या बोनसवर चढला, तर कुणाच्या सोन्यावर.

मला नवल वाटतं ते मधल्या चौकाचं. तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी, घरं चौकाभोवती, दारं चौकात उघडणारी. रस्त्यात जागा कमी जावी हा नकाशा काढणाऱ्यांचा व्यवहारी विचार असणार. पण त्या काटकसरीत आम्हाला वाळवणाला, क्रिकेटला, गणपतीच्या आरतीला आणि भांडायला जागा मिळाली. संध्याकाळी कुणाच्या घरी काय शिजतंय ते फोडणीच्या वासावरून कळायचं, आणि कुणाचं लग्न ठरतंय ते बंद दारावरून. पुढे घरं वर वाढली, चौकात मोटरसायकली आल्या, मुलं विरार, बदलापूर आणि एक तर टोरांटोला गेली. गप्पा मोबाइलवर गेल्या.

ग्रुपचा एक दोष सांगतो. तिथे सगळं गोड होऊन येतं. कुणी पाण्याच्या निळ्या पिंपाचा फोटो टाकला की ‘काय दिवस होते!’ म्हणून रांग लागते. त्या पिंपांच्या रांगेत कुणी कुणाला काय काय बोललं होतं, ते मी लिहिलं. पाच मिनिटं सामसूम. मग समोरच्या घरातल्या वहिनी, म्हणजे त्या भांडणातली दुसरी बाजू, लिहून गेल्या : ‘भावोजी, पिंप आमचंच पुढे होतं.’ इतक्या वर्षांनीही त्यांचा दावा कायम आहे, माझाही आहे.

टोरांटोवाल्याचा छंद वेगळा. तो गमतीशीर माहिती खणून काढतो. या वेळी त्याने मेट्रो काढली. 2009 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते चारकोप-वांद्रे-मानखुर्द मेट्रोचं भूमिपूजन झालं, तेव्हा आम्ही छाती फुगवून फिरत होतो. मार्गाच्या नावात पहिला शब्द आमचा. ती मेट्रो त्या रूपात झालीच नाही. 2022 च्या गुढीपाडव्याला नवी 2अ धावू लागली, तीत डहाणूकरवाडी आहे, वळनई आहे, चारकोप नावाचं स्थानक नाही. चारकोपला डेपो मिळाला. यावर वहिनींची टिप्पणी अशी की गाड्या झोपायला आमच्याकडे येतात आणि माणसं उतरतात दुसरीकडे.

हसण्याचे चेहरे मोजून संपेनात. मग विरारवाल्याने कामाचं विचारलं : रविवारी येतोय, चौकात गाडी लावायला जागा आहे का? नाही म्हणून सगळ्यांनी एकदम कळवलं.